पाण्याचे स्टार कसे वाचायचे? ऑस्ट्रेलियात घर थाटणाऱ्या मराठी मंडळींचे नेहमीचे प्रश्न

मी मूळची लातूरची, आता मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात राहते. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोहोचली, तेव्हा आई फोनवर सांगत होती की भांडी विसळलेलं पाणी ती बाथरूममध्ये ओतायला राखून ठेवते. फोन ठेवला आणि मी आमच्या शॉवरखाली बादली धरली. दहा सेकंदांत अडीच लिटर पाणी आलं, म्हणजे मिनिटाला 15 लिटर. आम्ही चौघं त्याखाली रोज आंघोळ करत होतो.

तेव्हापासून इथे नवीन येणाऱ्यांना नळ, शॉवर, वॉशिंग मशीन घेताना मी मदत करते. सगळे साधारण हेच प्रश्न विचारतात.

दुकानात वस्तूवर निळ्या रंगाचं स्टारवालं लेबल असतं, ते नक्की कसलं?

ते वॉटर रेटिंग लेबल. त्यामागच्या योजनेचं नाव ‘वॉटर एफिशियन्सी लेबलिंग अँड स्टँडर्ड्स’, बोलताना सगळे ‘वेल्स’ म्हणतात. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने 2005 मध्ये त्यासाठी कायदा केला. शॉवर, नळ, कमोड, युरिनल, वॉशिंग मशीन आणि डिशवॉशर एवढ्या वस्तू त्यात येतात. नोंदणी आणि रेटिंग असल्याशिवाय दुकानदाराला त्या विकता येत नाहीत.

लेबलवर दोन गोष्टी असतात: वर स्टार, जास्तीत जास्त सहा, आणि खाली पाण्याचा आकडा. शॉवर आणि नळाला मिनिटाला किती लिटर, कमोडला एका फ्लशला सरासरी किती लिटर, मशिनांना एका धुण्याला किती लिटर. 

मग जास्त स्टारवालं उचलायचं, झालं की! यात कळायचं काय आहे?

सगळ्यात मोठी गफलत इथेच होते. स्टारची मोजपट्टी प्रत्येक वस्तूला वेगळी आहे. मिनिटाला 8 लिटर सोडणारा शॉवर तीन स्टारमध्ये बसतो आणि तो चांगला शॉवर आहे. तेवढंच पाणी सोडणारा नळही तीन स्टारचाच, पण नळांमध्ये तो मागे पडतो, कारण नळांत सहा स्टारपर्यंतचा माल सहज मिळतो. शॉवरच्या तीन स्टारकडे बघून नाक मुरडणारे आणि नळाच्या तीन स्टारवर खूश होणारे, दोघांचीही फसगत होते.

मशिनांची गोष्ट आणखी निराळी. तिथे स्टार ठरवताना मशीन किती मोठं आहे तेही धरतात. 7 किलोचं आणि 10 किलोचं, दोन्ही मशिनांना चार स्टार असू शकतात, पण मोठं मशीन एका धुण्याला जास्त लिटर घेणार. म्हणून माझं सांगणं एकच: स्टार बघून चार वस्तू बाजूला काढा आणि त्यांतली एक निवडताना लिटरचा आकडा वाचा. बिल लिटरवर येतं.

शॉवर किती स्टारचा घ्यावा?

किमान तीन. तीन स्टार म्हणजे मिनिटाला 9 लिटर किंवा त्याहून कमी. दोन स्टार 9 ते 12 लिटरचा, एक स्टार 12 ते 16 चा, त्याच्या वर गेला की शून्य. तीन स्टारमध्येही सगळे सारखे नसतात. कुणी 9 वर असतो, कुणी साडेसातच्या आत, म्हणून इथेही आकडा वाचायचा.

आमच्या घरचा हिशेब मांडते. जुना शॉवर 15 लिटरचा, आंघोळ आठ मिनिटांची, म्हणजे एका माणसाला 120 लिटर. 9 लिटरचा बसवल्यावर 72 लिटर. माणशी रोज 48 लिटर वाचले, चौघांचे 192. वर्षाचे सत्तर हजार लिटर होतात, म्हणजे बिलावर सत्तर किलोलिटर. शिवाय ते पाणी गरम केलेलं असतं, त्यामुळे गॅसचं किंवा विजेचं बिलही उतरतं. घरातली एकच वस्तू बदलायची असेल, तर मी डोळे मिटून शॉवर सांगते.

पण कमी पाण्याच्या शॉवरने अंग नीट भिजत नाही, धार पिचकते, असं ऐकलंय.

जुन्या काळी ते खरं होतं. भोकात रबरी चकती घालून पाणी अडवायचे, मग धार मरायचीच. आताचे चांगले शॉवर पाण्यात हवा मिसळतात किंवा भोकांची रचना अशी करतात की थेंब जोरात येतात. चार स्टारचा शिक्का मिळायला नुसता प्रवाह कमी असून भागत नाही. फवारा किती जोराने लागतो आणि किती पसरतो, याच्याही चाचण्या द्याव्या लागतात. लांब, दाट केसांचा शॅम्पू निघेल का, ही बायकांची रास्त काळजी आहे. माझे केस कमरेपर्यंत आहेत आणि 9 लिटरच्या शॉवरखाली ते नीट धुतले जातात.

एक खबरदारी मात्र घ्या. घरात टाकी नसलेला, नळ सोडला की पेटणारा गॅसचा हीटर असेल, तर त्याला पेटायला ठरावीक किमान प्रवाह लागतो. फार कमी पाण्याचा शॉवर लावला की तो मध्येच विझू शकतो आणि डोक्यावर गार पाणी येतं. हीटरच्या पुस्तिकेत तो किमान आकडा दिलेला असतो. तो बघा आणि मगच शॉवर घ्या.

घरातला शॉवर किती पाणी सोडतो, ते प्लंबरशिवाय कळेल का?

बादली, मापाचं भांडं आणि मोबाइलमधलं घड्याळ एवढं पुरतं. नेहमी सोडता तेवढा नळ सोडा, दहा सेकंद बादलीत पाणी घ्या, मापा आणि सहाने गुणा. दीड लिटर आलं तर मिनिटाला 9 लिटर. त्याच्या वर असेल तर बदलायला जागा आहे. शॉवरचं तोंड बदलणं सोपं असतं: जुनं फिरवून काढा, आट्यांवर पांढरी टेप गुंडाळा, नवं बसवा.

आईबाबा सहा महिन्यांसाठी आलेत, त्यांना बादली-तांब्याच लागतो. त्यांना शॉवरची सवय लावावी का?

अजिबात नको. बादलीत पंधरा-अठरा लिटर पाणी मावतं. एका बादलीची आंघोळ इथल्या कुठल्याही स्टारवाल्या शॉवरखालच्या आठ मिनिटांच्या आंघोळीपेक्षा कमी पाण्यात होते. त्यांना बसायला प्लास्टिकचं स्टूल द्या, पायाखाली रबरी मॅट घाला आणि पाण्याचं तापमान एकदा दाखवून ठेवा, कारण इथलं गरम पाणी चांगलंच कढत येऊ शकतं.

किचनच्या नळाला किती स्टार असावेत? सहा घेतला तर पातेलं भरायला वेळ लागेल ना?

लागेल, आणि तिथे पाणीही वाचणार नाही! पाच लिटरचं पातेलं भरायचं असेल, तर चार स्टारचा नळ असो की सहाचा, पाणी पाच लिटरच लागणार. कमी प्रवाहाच्या नळाचा फायदा होतो तो वाहतं पाणी वापरताना: तांदूळ धुताना, कोथिंबीर निवडून धुताना, हात धुताना. तिथे आपण लिटर मोजत नाही, काम उरकेपर्यंत नळ सोडून ठेवतो.

म्हणून किचनला मी चार किंवा पाच स्टार सांगते. चार म्हणजे 6 ते साडेसात लिटर, पाच म्हणजे साडेचार ते 6. बाथरूमच्या बेसिनला मात्र बिनधास्त सहा स्टारचा घ्या, मिनिटाला साडेचार लिटर किंवा त्याहून कमी. दात घासायला आणि तोंड धुवायला तेवढी धार भरपूर होते. बागेतला नळ आणि टबवरचा नळ या योजनेत येत नाहीत, त्यांच्यावर लेबल शोधत बसू नका.

नळ चांगला असेल आणि फक्त प्रवाह जास्त असेल, तर आख्खा नळ बदलायचीही गरज नाही. तोंडाशी जी जाळी असते ती काढून कमी प्रवाहाची बसवली की काम होतं. पालेभाजी धुवायला मी सिंकमध्ये भांडं ठेवते आणि ते पाणी कढीपत्त्याच्या कुंडीत जातं. मेलबर्नच्या थंडीत कढीपत्ता जगवणं हा वेगळाच विषय आहे.

फ्लशवर ‘4.5/3’ असं लिहिलंय. म्हणजे काय?

मोठं बटण दाबलं की साडेचार लिटर, छोटं दाबलं की 3 लिटर. दोन बटणांचा फ्लश ही ऑस्ट्रेलियाचीच देणगी. 1980 च्या सुमारास कॅरोमा कंपनीच्या ब्रूस थॉम्पसन यांनी तो तयार केला. तेव्हा मोठ्या फ्लशला 11 लिटर आणि छोट्याला साडेपाच लागायचे. पुढे तो 6/3 वर आला आणि मग 4.5/3 वर.

लेबलवर जी सरासरी असते, ती एक मोठा आणि चार छोटे फ्लश धरून काढतात. 4.5/3 ची सरासरी 3.3 लिटर येते, म्हणून तो चार स्टारचा. 6/3 ची 3.6 येते, तो तीन स्टारचा. जुना, एकाच दट्ट्याचा 11 लिटरचा कमोड असेल आणि चौघं मिळून दिवसाला वीस वेळा फ्लश करत असतील, तर रोजचे 220 लिटर गेले. चार स्टारच्या फ्लशला तेवढ्याच वापराला 66 लिटर लागतात.

पैसे वाचवायला फक्त वरची टाकी बदलू नका. रेटिंग टाकी आणि खालचं भांडं या जोडीला मिळून दिलेलं असतं. जुन्या भांड्याचा आकार जास्त पाण्यासाठी केलेला असतो. त्यावर साडेचार लिटरची टाकी बसवली की एका फ्लशमध्ये साफ होत नाही, दोनदा दाबावं लागतं आणि सगळी बचत वाहून जाते.

बिल अचानक वाढलं, पण नळ तर कुठे गळत नाही.

फ्लशची टाकी बघा. आतली रबरी चकती झिजली की पाणी भांड्यात झिरपत राहतं, आवाज होत नाही, दिसतही नाही. रात्री झोपायच्या आधी टाकीत खाण्याचा रंग घाला आणि सकाळपर्यंत कुणी फ्लश करू नका. आमच्याकडे दिवाळीच्या जिलबीचा केशरी रंग उरला होता, तो पाव चमचा घातला. सकाळी कमोडच्या आतल्या भिंतीवरून एक बारीक केशरी रेघ खाली उतरलेली दिसली. दुसऱ्या दिवशी चकती बदलली. सहा स्टारचा कमोड असला, तरी झिजलेल्या चकतीपुढे त्याचे स्टार काही कामाचे नाहीत.

कमोडशेजारी जेट स्प्रे लावायचाय. दुकानातून आणून आपणच बसवला तर?

शॉवरचं तोंड स्वतः बदलता येतं, पण हे काम स्वतः करू नका. कमोडजवळच्या स्प्रेमधून घाण पाणी उलटं पिण्याच्या पाण्याच्या लाइनीत ओढलं जाण्याचा धोका असतो, म्हणून इथल्या प्लंबिंगच्या नियमांनुसार त्याला उलटा प्रवाह रोखणारं साधन लागतं. हे काम परवानाधारक प्लंबरकडूनच करून घ्या. भाड्याचं घर असेल तर घरमालकाची परवानगीही हवी.

वॉशिंग मशीन फ्रंट लोड की टॉप लोड?

पाण्याच्या बाबतीत फ्रंट लोड सरस. त्यात कपडे पाण्यात बुडत नाहीत, ड्रम फिरताना ते वर जाऊन खाली आपटतात, म्हणून कमी पाण्यात निघतात. साध्या टॉप लोडमध्ये कपडे बुडवावेच लागतात. दुकानात दोन्हींची लेबलं शेजारी धरून लिटर वाचा, फरक लगेच कळेल.

दुसरा मुद्दा आकाराचा. आपल्याकडे मोठं मशीन घ्यायची ओढ असते: गाद्यांच्या चादरी, दुलया, पाहुणे. लेबलवरचा आकडा मशीन पूर्ण भरून, ठरावीक प्रोग्रॅमवर काढलेला असतो. दोघांच्या घरात 10 किलोचं मशीन आणून त्यात दर दोन दिवसांनी तीन किलो कपडे टाकले, तर किलोमागे पाणी जास्तच जाणार. आठवड्याचे कपडे डोळ्यांसमोर आणा आणि मग आकार ठरवा. दुलई वर्षातून दोनदा लाँड्रीत नेलेली परवडते.

धुणारं-सुकवणारं असं एकत्र मशीन घेताना जास्त सावध राहा. यातली काही मशिनं कपडे सुकवतानाही पाणी वापरतात, वाफ थंड करून पाणी करण्यासाठी. लेबलवर सुकवण्याचं पाणी वेगळं दिलेलं असतं. घाईत लोक तेवढंच बघायचं विसरतात.

मशिनांवर आणखी एक, लाल-पिवळं लेबल असतं. ते विजेचं. त्याचे स्टार वेगळे, त्यांची सरमिसळ करू नका.

डिशवॉशरने खरंच पाणी वाचतं? आणि आपली हळद-तेलाची भांडी त्यात निघतात?

14 जणांच्या भांड्यांची आजची अनेक मशिनं एका धुण्याला 11 ते 15 लिटर घेतात. साडेसात लिटरच्या नळाखाली वाहत्या पाण्यात भांडी घासली, तर तेवढं पाणी दोन मिनिटांत संपतं. मशीन पूर्ण भरून लावलं, तर ते नक्की वाचवतं.

भांडी आधी नळाखाली विसळून मग मशिनात लावली की बचत संपली. उष्टं चमच्याने खरवडून टाका, कढईचं तेल जुन्या कागदाने पुसून घ्या, बाकी काम मशीन करतं. स्टीलची ताटं-वाट्या सुंदर निघतात. प्लास्टिकच्या डब्यांवरचे हळदीचे डाग राहतात, ते उन्हात ठेवले की फिके होतात. ॲल्युमिनियमचा कुकर आणि तांब्या-पितळेची भांडी मात्र मशिनात घालू नका, काळी पडतात.

आमचं घर भाड्याचं आहे. शॉवर बदलून द्या असं घरमालकाला सांगता येतं का?

हे राज्यावर अवलंबून आहे, पण गप्प बसू नका.

व्हिक्टोरियात 29 मार्च 2021 पासून भाड्याच्या घरांसाठी किमान अटी लागू झाल्या. शॉवर तीन स्टारचा असणं ही त्यातली एक अट. तिथल्या प्लंबिंगला तीन स्टार चालतच नसेल, तर एक किंवा दोन स्टारची सवलत आहे. पाणी वापरणारी एखादी वस्तू बिघडून बरंच पाणी वाया जात असेल, तर ती तातडीची दुरुस्ती धरली जाते.

न्यू साउथ वेल्समध्ये घरमालकाला पाण्याच्या वापराचे पैसे भाडेकरूकडून घ्यायचे असतील, तर घराला स्वतंत्र मीटर हवा, शॉवर मिनिटाला 9 लिटरच्या आत हवा, किचन आणि बेसिनचे थंड पाण्याचे किंवा मिक्सर नळही 9 च्या आत हवेत, आणि काही गळता कामा नये. 23 मार्च 2025 पासून कमोडही दोन बटणांचा आणि किमान तीन स्टारचा लागतो. अटी पुऱ्या होत नसतील तर वापराचे पैसे मागता येत नाहीत. सिडनीत राहणाऱ्यांनी आज संध्याकाळीच बादली घेऊन शॉवर मोजावा. क्वीन्सलँडमध्येही पाण्याचा पूर्ण खर्च भाडेकरूवर टाकायचा, तर घर या अर्थाने काटकसरीचं असावं लागतं.

घरमालकाच्या वतीने घर बघणाऱ्या एजंटला फोन न करता ईमेल लिहा आणि मोजलेला आकडा त्यात द्या.

ऑनलाइन खूप स्वस्त शॉवर मिळतात. घ्यावेत का?

मी घेतला होता. परदेशातल्या एका विक्रेत्याकडून, फोटोत छान दिसणारा, मोठ्या गोल तबकाचा. पानावर रेटिंग कुठेच नव्हतं आणि मी ते विचारलंही नाही. बसवून मापला तर मिनिटाला 17 लिटर. जुन्यापेक्षाही जास्त! दोन आठवड्यांत काढून टाकला, पैसे गेले.

इथे विक्रीला ठेवलेल्या वस्तूचं रेटिंग ऑनलाइन पानावरही दिसायला हवं. ते नसेल तर पुढे सरका. वेल्सच्या सरकारी वेबसाइटवर ब्रँड आणि मॉडेल नंबर टाकून नोंदणी तपासता येते, मोबाइलवर एका मिनिटाचं काम आहे. ‘वॉटरमार्क’ हा शिक्का वेगळा असतो. वस्तू प्लंबिंगला जोडायला सुरक्षित आणि योग्य आहे एवढं तो सांगतो, पाणी किती लागतं ते नाही. नळ घेताना दोन्ही बघा.

इथे तर चोवीस तास पाणी आहे. एवढा आटापिटा कशाला?

1997 ते 2009 या काळात आग्नेय ऑस्ट्रेलियात मोठा दुष्काळ पडला. 2009 मध्ये मेलबर्नचा धरणसाठा जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर आला होता. माणशी रोज 155 लिटर असं उद्दिष्ट शहराला दिलं गेलं, ब्रिस्बेनमध्ये ते 140 होतं. लोकांनी जुने शॉवर देऊन नवे घेतले, आंघोळीला चार मिनिटांची वाळूची घड्याळं लावली. आमच्या शेजारच्या आजींच्या बाथरूममध्ये ते घड्याळ अजून टाइलला चिकटवलेलं आहे आणि त्या अजून ते उलटं करतात. व्हिक्टोरियातल्या वॉन्थागीला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा कारखाना 2012 मध्ये उभा राहिला, पण त्या पाण्याला वीज लागते आणि तिचा खर्च आपल्याच बिलात येतो.

पुण्यात फ्लॅटचं काम चाललंय. भारतात असं लेबल मिळतं का?

भारतीय मानक ब्यूरोने 2021 मध्ये कमी पाण्याच्या प्लंबिंग वस्तूंसाठी आय एस 17650 हे मानक दोन भागांत काढलं, एक कमोडसारख्या भांड्यांसाठी आणि दुसरा नळ-शॉवरसारख्या फिटिंगसाठी. खरेदी करताना विक्रेत्याला हा क्रमांक सांगून विचारा. त्याला माहीत नसेल तर कंपनीचं माहितीपत्रक मागा आणि त्यात मिनिटाला किती लिटर आणि कुठल्या दाबाला, हे वाचा. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला दाब कमी असतो. इथे मस्त चालणारा शॉवर तिथे नुसता ठिबकेल, म्हणून इथून बॅगेत घालून नेऊ नका.

जुन्या मशीनवरचं लेबल निघून गेलंय. रेटिंग कसं कळणार?

दरवाजाच्या कडेला किंवा मागच्या बाजूला मॉडेल नंबरची पट्टी असते. तो नंबर वेल्सच्या वेबसाइटवर शोधा. नाही सापडला तर रात्री घरातलं सगळं पाणी बंद असताना पाण्याचा मीटर वाचा, मशीन लावा, धुणं संपल्यावर परत वाचा. मीटरवरचे काळे आकडे किलोलिटरचे आणि लाल आकडे लिटरचे असतात. दोन वाचनांतला फरक म्हणजे तुमच्या मशीनचा खरा आकडा.